बालपणातील कुपोषण आणि पुढील दीर्घकालीन आजार : अभ्यास कसा आखावा

‘कुपोषणामुळे मधुमेह होतो का?’ हा प्रश्न संशोधनासाठी फार मोघम आहे. कुपोषण गर्भावस्थेतील, पहिल्या दोन वर्षांतील की त्यानंतरचे, ते कोणत्या मापाने ठरवणार, आणि पुढे कोणत्या वयात रक्तातील साखर, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी काय तपासणार, हे सर्व एका वाक्यात लिहिता येईपर्यंत माहिती गोळा करायला सुरुवात करू नये.

त्यानंतर सर्वाधिक वेळ मोजमापाला द्यावा, कारण बालपणी चुकीचे नोंदवलेले माप वीस वर्षांनी कोणतीही संख्याशास्त्रीय पद्धत वापरून दुरुस्त करता येत नाही. दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे झोपवून आणि दोन व्यक्तींनी मिळून मोजावी. एकीने डोके स्थिर फळीला टेकवून धरावे, दुसरीने गुडघे सरळ ठेवून सरकती फळी तळपायांना लावावी. दोन वर्षांनंतर उंची उभ्याने मोजतात. आडवे माप उभ्या मापापेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून कोणते माप घेतले याची नोंद हवीच. वजनकाटा रोज ज्ञात वजनाने तपासावा आणि जन्मतारीख शक्यतो कागदपत्रावरून घ्यावी, कारण वय चुकले की वयानुसार काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो. मोजमाप करणाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वी तीच मुले दोनदा मोजून आपापसांतील फरक पडताळावा.

ही मापे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढ मानकांशी ताडून झेड-स्कोअर, म्हणजे मानकातील मधल्या मापापासून मुलाचे माप किती प्रमाण विचलने वर किंवा खाली आहे हा आकडा, काढावा. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे 2 पेक्षा कमी असेल तर खुजेपणा आणि उंचीनुसार वजनाचा कमी असेल तर लुकडेपणा मानतात. पहिला दीर्घकाळ साचलेल्या उणिवेकडे बोट दाखवतो, तर दुसरा बहुधा अलीकडच्या उपासमारीकडे किंवा आजाराकडे, त्यामुळे दोन्ही एकाच रकान्यात घालू नयेत. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर कुपोषणाची सूज असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित असते. सूज असताना वजन फसवे ठरते. असे मूल आढळल्यास त्याच दिवशी उपचारासाठी पाठवण्याची सोय आधीच केलेली असावी. तशी सोय नसेल तर अभ्यास सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आराखडा निवडताना पूर्वीचे अभ्यास बारकाईने पाहावेत. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदींवरून, बाल्यावस्थेत वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे 1989 मध्ये दाखवले. परंतु अशा निरीक्षणात गरिबीचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते. नेदरलँड्समधील 1944-45 चा दुष्काळ अचानक आला आणि लवकर संपला, म्हणून त्या काळात गर्भात असलेल्यांची त्याआधी व नंतरच्यांशी तुलना करता आली. ग्वाटेमालामध्ये 1969 ते 1977 या काळात काही गावांना प्रथिनयुक्त, तर काहींना प्रथिनविरहित पूरक पेय दिले गेले. आहारात प्रत्यक्ष बदल करून पाहणारा हा मार्ग अधिक भक्कम, पण महाग आणि दीर्घ आहे. कोणताही मार्ग घेतला तरी मध्येच अभ्यासाबाहेर गेलेल्या आणि दगावलेल्या मुलांची मूळ मापे उरलेल्यांच्या मापांशेजारी मांडावीत, कारण सर्वांत अशक्त मुलेच गळाली असतील तर संबंध प्रत्यक्षाहून क्षीण दिसू शकतो.

विश्लेषणात एक सापळा वारंवार आढळतो. जन्मवजन आणि प्रौढपणीचा रक्तदाब यांचा संबंध केवळ सध्याचे वजन समीकरणात घातल्यावरच, म्हणजे सध्या सारख्याच वजनाच्या लोकांची तुलना केल्यावरच, दिसत असेल, तर त्याचे श्रेय थेट गर्भावस्थेला देऊ नये. तो बहुधा जन्मानंतर झपाट्याने वाढलेल्या वजनाचा परिणाम असतो. म्हणून सध्याचे वजन घालून आणि न घालून, असे दोन्ही निकाल छापावेत आणि बालपणातील मधल्या वर्षांची वजने उपलब्ध असतील तर वाढ कोणत्या टप्प्यात वेगाने झाली, हे स्वतंत्रपणे तपासावे.