टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत ‘ड्रॅग वीक’ नावाची एक खुळी स्पर्धा भरते. ‘हॉट रॉड’ मासिकाने ती २००५ साली सुरू केली. पाच दिवस वेगवेगळ्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) गाडी पळवायची आणि एका स्ट्रिपवरून दुसरीकडे जाताना ती ट्रेलरवर चढवायची नाही, तीच गाडी साध्या रस्त्याने चालवत न्यायची. एकूण हजारेक मैल होतात. अशा दुहेरी संसारात टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागाची, ओढाताण होते, कारण स्ट्रिपवर तो सैल (इंजिनाला आधी वर चढू देणारा) हवा असतो आणि हायवेवर घट्ट (कमी घसरणारा).

आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टर म्हटलं की एक्सयूव्ही७०० किंवा डिझेल क्रेटा आठवते, आणि तिथे स्टॉल स्पीडचा विचार कंपनीने आधीच केलेला असतो. जुनी शेव्हरले नोव्हा, ३५० क्युबिक इंचाचं इंजिन आणि टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन बसलेल्या माणसाला मात्र तो आकडा स्वतः ठरवावा लागतो. चाकं जखडून, गाडी गिअरमध्ये ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडतं, तो स्टॉल स्पीड.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा मानणं. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही, त्यात इंजिनाचाही तेवढाच वाटा असतो. कन्व्हर्टर जेवढा टॉर्क पेलतो, तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणजे ३०० पौंड-फूट टॉर्कच्या इंजिनामागे २५०० ला स्टॉल होणारा कन्व्हर्टर ४५० पौंड-फूटच्या इंजिनामागे लावला, तर तो साधारण ३०५० ला जाऊन थांबेल. त्यामुळे मित्राच्या बिग ब्लॉकमागे (मोठ्या, जास्त टॉर्कच्या इंजिनामागे) ‘३५०० चा’ असलेला कन्व्हर्टर स्वस्तात मिळाला म्हणून तुमच्या स्मॉल ब्लॉकला लावलात, तर हाती ३५०० लागणार नाहीत. नायट्रसचं, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनात सोडायच्या वायूचं, गणितही हेच. बाटली उघडली की टॉर्क वाढतो, स्टॉलही वर सरकतो. तेव्हा ऑर्डर देताना नायट्रस आहे हे लपवू नका.

गाडीचं वजन, मागच्या आसाचा गिअर रेशो, टायरची उंची, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशन हे सगळं चांगला कन्व्हर्टर बनवणारा विचारतोच. तिथे पुढच्या वर्षी बसवायच्या इंजिनाचे आकडे सांगायचे नाहीत, आज बॉनेटखाली आहे ते सांगायचं. आणि जो काहीच न विचारता ‘हा घ्या’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा गैरसमज असा, की ३००० स्टॉल म्हणजे ३००० आरपीएम होईपर्यंत गाडी जागची हलणारच नाही. तसं नसतं. हलक्या थ्रॉटलला इंजिन टॉर्कच कमी देतं, म्हणून गाडी त्याच्या कितीतरी खालीच चालू लागते. चांगल्या बनावटीचा ३२०० चा कन्व्हर्टर गावात चालवायला स्वस्तातल्या २८०० पेक्षा घट्ट वाटू शकतो. या भीतीपोटी मोठा कॅम टाकून मूळचा बारा इंची कन्व्हर्टर तसाच ठेवणारे बरेच असतात. मग सिग्नलला गाडी गिअरमध्ये घातली की इंजिन गुदमरतं, आयडल वाढवलं की गाडी ब्रेकवर ढकलते, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरला दिला जातो.

उलट टोकाला ‘४५०० चा बसवलाय’ हे सांगण्याची हौस. नाकापेक्षा मोती जड. कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर २४०० ते ६२०० आरपीएम असा पल्ला असेल, तर रस्त्यावरच्या गाडीला ३००० ते ३४०० पुरे. टर्बो ३५० मध्ये ६००० ला गिअर बदलला की दुसऱ्यात इंजिन सुमारे ३६०० वर उतरतं आणि तिसऱ्यात ३९५० च्या आसपास. म्हणजे तशीही ती ताकदीच्या पट्ट्यातच राहते. ४५०० चा कन्व्हर्टर स्ट्रिपवर कदाचित थोडा वेळ वाचवेल, पण रोजच्या रस्त्यावर त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

आता हायवे. ताशी ६० मैल, ३.७३ चा रेशो आणि २८ इंची टायर म्हणजे कन्व्हर्टरमधली घसरण न धरता साधारण २६९० आरपीएम. हे निभतं. पण पेट्रोल वाचावं म्हणून कुणी ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतो, त्याच्या ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरच्या गिअरमध्ये) तोच आकडा १८८० होतो. कन्व्हर्टर ३२०० चा आणि लॉक-अप (घसरण थांबवून इंजिन थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) नाही, की तो तासन्‌तास घसरत राहतो आणि ऑइल शिजतं. आगीतून फुफाट्यात! ओव्हरड्राइव्ह हवा असेल तर लॉक-अपचाच कन्व्हर्टर घ्या, आणि साधा एका प्लेटचा लॉक-अप पूर्ण थ्रॉटलवर लावू नका, जळेल.

ऑइल १७५ ते २०० फॅरेनहाइटमध्ये (सुमारे ८० ते ९३ सेल्सियस) राहिलेलं बरं. २४० फॅरेनहाइटच्या पुढे वार्निश (चिकट थर) धरायला लागतं. रेडिएटरमधल्या छोट्या कूलरवर विसंबून राहू नका. वेगळा कूलर आणि तापमानाचा गेज, दोन्ही बसवा.

बसवतानाची चूक सगळं घालवते. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर ऑइल ओता, मग तो फिरवत आत ढकला. दोन-तीनदा ‘खट्‌’ करून तो गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसला पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाच्या टोकाच्या ज्या चकतीला तो बोल्टने जोडतात तिच्यात) तीन ते पाच मिलिमीटर फट उरली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. फट नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतलात, तर इंजिन पहिल्यांदा चालू करतानाच पंप फुटेल.

बसवल्यावर आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर लगेच भांडायला जाऊ नका. पायाने ब्रेक दाबून मोजलेला आकडा बहुतेक वेळा कमीच येतो, कारण खरा स्टॉल येण्याआधीच मागची चाकं ब्रेकला जुमानेनाशी होतात. टायर जागच्या जागी फिरले तर तेही मोजमाप वाया. चांगल्या पकडीच्या जागी आयडलवरून एकदम पूर्ण थ्रॉटल द्या आणि टॅकोमीटर कुठे उडी मारतो ते पाहा, तो फ्लॅश स्टॉल.

तरीही तो खूपच कमी आणि गाडी सुटताना मेल्यासारखी असेल, तर आधी टायमिंग आणि इंधन तपासा. ते ठीक असेल तर स्टेटरचा (कन्व्हर्टरमधलं ऑइल वळवणाऱ्या मधल्या पंख्याचा) एकतर्फी क्लच धरत नसावा. सुटताना गाडी झकास, पण वेग घेतला की दम संपतो आणि ऑइल तापतं, तर तोच क्लच जाम झालेला असतो. स्टॉल अचानक वाढला तर कन्व्हर्टर खोलण्याआधी ऑइलची पातळी आणि गिअरबॉक्सचे क्लच बघा.

स्ट्रिपच्या शेवटीची घसरण कागदावर काढता येते. आरपीएम गुणिले टायरची उंची (इंचांत), आणि त्याला रेशो गुणिले ३३६ ने भागायचं, की ताशी मैलांत वेग येतो. ६००० आरपीएम, २८ इंच आणि ४.१० ला १२२ मैल येतात. स्ट्रिपवर मिळणाऱ्या वेळ-वेगाच्या चिठ्ठीवर, म्हणजे स्लिपवर, ११२ असेल तर घसरण सुमारे आठ टक्के, ती चालते. १०३ असेल तर पंधरा टक्के झाली, आणि तो कन्व्हर्टर सैल आहे. अशा वेळी ही स्लिप, गाडीचं वजन आणि फ्लॅशचा आकडा बनवणाऱ्याला पाठवा. बरेच जण तोच कन्व्हर्टर उघडून स्टेटर बदलून देतात, नवा घ्यायची गरज पडत नाही.