रेग्युलेटरी रिफॉर्मच्या कामात नवीन येताय? माझ्या चुकांसकट सगळं सांगते

बरेच जण विचारतात की हे सरकारी नियम सुधारण्याचं काम म्हणजे नक्की करता काय, आणि यात यायचं तर काय शिकावं. एका विकसनशील देशात सरकारच्या रिफॉर्म युनिटसोबत मी काही वर्षं काम केलं, देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण खाली काही लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यातली निम्मी तक्रार माझ्याबद्दलच आहे.

मी गेले तेव्हा डोक्यात होतं की जुने कायदे वाचायचे, चांगल्या देशांशी तुलना करायची, शिफारशी लिहायच्या, झालं. पहिल्या आठवड्यात बॉसने सांगितलं की आधी या देशात धंदा करायला एकूण किती परवाने लागतात तेवढं काढून दे. मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. एका मंत्रालयाकडे यादी मागितली तर दीड पान आलं, त्याच मंत्रालयाच्या खालच्या ऑफिसांमध्ये फिरले तर भिंतीवर, फायलीत, साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असे मिळून त्याच्या कितीतरी पट निघाले, आणि त्यातल्या काहींना कायद्याचा आधारच नव्हता, कोणीतरी कधीतरी एक परिपत्रक काढलं होतं आणि ते चालत राहिलं. आपण किती परवानग्या मागतो हे सरकारलाच माहीत नसतं, या कामाची सुरुवात इथून होते.

ही फक्त आमच्याकडची गोष्ट नाही. केनियात 2005 च्या सुमारास अशीच मोजदाद सुरू झाली तेव्हा शेवटी 1,300 च्या वर लायसन्स आणि फी सापडल्या, मग शेकडो रद्द झाल्या, शेकडो सोप्या केल्या आणि 2007 मध्ये तिथल्या अर्थ मंत्रालयात यासाठी वेगळं युनिट बसवलं. व्हिएतनामने 2007 ते 2010 मध्ये प्रोजेक्ट 30 नावाचं काम केलं, त्यात सगळी मंत्रालयं आणि तेव्हाचे 63 प्रांत धरून पाच हजारांहून जास्त सरकारी कार्यपद्धती गोळा केल्या आणि 2009 मध्ये त्या सगळ्या एका ऑनलाइन डेटाबेसमध्ये लोकांसमोर ठेवल्या. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कार्यपद्धती तपासण्याचा फॉर्म भरायचं काम त्यांनी बाहेरच्या कन्सल्टंटला दिलं नाही, ज्या खात्याची कार्यपद्धती त्याच खात्याच्या माणसाने फॉर्म भरायचा, हे कायदेशीर आहे का, गरजेचं आहे का, वाजवी आहे का ते लिहायचं, आणि मग व्यावसायिकांनी त्यावर आपलं मत द्यायचं. हजारो सरकारी नोकरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या फॉर्मकडे बघून "हे का मागतो आपण" असं विचारलं असेल. कपॅसिटी बिल्डिंग, म्हणजे सरकारी लोकांना हे काम स्वतः करता येईल असं तयार करणं, म्हणतात ते माझ्या मते हेच, बाकी सर्टिफिकेट वगैरे फोटोपुरतं.

नियम असे घाऊक छाटण्याच्या पद्धतीला गिलोटिन (मुंडकं उडवायचं यंत्र) म्हणतात, नाव भयंकर आहे पण कल्पना साधी. एरवी नियम काढायचा असेल तर काढणाऱ्याने सिद्ध करायचं की तो वाईट आहे. इथे उलटं. ठेवायचा असेल तर खात्याने ठरलेल्या तारखेपर्यंत कारण द्यायचं, नाही दिलं तर नियम गेला. कोरियाने 1998 मध्ये आर्थिक संकटानंतर अध्यक्षांच्याच आदेशाने सुमारे 11,000 नियमांपैकी जवळपास निम्मे वर्षभरात काढले. ऐकायला मस्त वाटतं, पण वरून एवढा जोर असेल तरच हे जमतं. आमच्याकडे मंत्रीसाहेबांनी घोषणा दणक्यात केली, नव्याचे नऊ दिवस झाले, तारीख आली आणि गेली, आणि कारण न देणाऱ्या खात्यांचे नियम तसेच राहिले कारण "नाही दिलं तर गेला" हे वाक्य कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं, फक्त आमच्या प्रेझेंटेशनमध्ये होतं 😅 म्हणून पहिला सल्ला हा की घोषणेवर जाऊ नका, त्यामागचा लेखी आदेश मागून वाचा.

आता खिडकीबद्दल, म्हणजे जिथे लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात त्याबद्दल, कारण मी सगळ्यात जास्त तिथेच शिकले. कुठलाही एक परवाना निवडा आणि अर्जदारासोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत जा. 1980 च्या दशकात पेरूच्या लिमा शहरात काही अभ्यासकांनी एक छोटा कपडे शिवायचा कारखाना सगळे नियम पाळून रजिस्टर करून बघितला तर 289 दिवस लागले, तो आकडा अजूनही लोक सांगतात कारण तो कोणी रिपोर्टमधून नाही तर रांगेत उभं राहून काढला होता. मी अशीच एका ऑफिसात बरेच दिवस बसले. अर्ज तीन प्रतींत घ्यायचे. एक फाईलला, एक वरच्या ऑफिसला, आणि तिसरी? तिथल्या वयस्कर क्लार्कना विचारलं तर ते हसले आणि मागची खोली दाखवली, तिसऱ्या प्रतींचे गठ्ठे छतापर्यंत. ज्या ऑफिसला ती प्रत जायची ते बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हटलं मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही, तर म्हणाले "मला कोणी विचारलंच नाही." हा माणूस आमच्या एकाही वर्कशॉपला नव्हता, कारण वर्कशॉपला संचालकांच्या वरचेच लोक बोलवायचे असं आम्हीच ठरवलं होतं. पुढे मी जिथे जाईन तिथे आधी क्लार्कना भेटायला लागले, अर्थात त्यांच्या साहेबांची परवानगी घेऊन, नाहीतर त्या बिचाऱ्यांनाच त्रास होतो.

मोजण्याचं एक हत्यार शिकून घ्या, स्टँडर्ड कॉस्ट मॉडेल, म्हणजे नियम पाळायच्या कागदपत्रांचा खर्च मोजायची पद्धत, नेदरलँड्समधून आलेली. गणित शाळेतलंच आहे. समजा एक फॉर्म 20 हजार धंद्यांना लागू आहे, वर्षातून 4 वेळा भरायचा आहे आणि प्रत्येक वेळी 3 तास जातात, तर वर्षाला 2 लाख 40 हजार तास गेले, त्याला तासाच्या मजुरीने गुणा. अर्थ मंत्रालयातला माणूस तत्त्वज्ञान ऐकत नाही पण हा आकडा ऐकतो. आणि यातली गंमत अशी की फॉर्म लहान करण्यापेक्षा 4 वेळाचं 1 वेळ केलं तर एका फटक्यात तीन चतुर्थांश ओझं उतरतं आणि खात्याचंही फारसं काही जात नाही, म्हणून मी कायम आधी तिथे बोट ठेवते. एक सावधगिरी मात्र पाळा, हे मॉडेल फक्त त्रास मोजतं, नियमाचा फायदा मोजत नाही. कारखान्यातल्या आगीपासून वाचवणारा नियमही यात नुसता खर्च म्हणूनच दिसतो. नवीन मुलं एक्सेलच्या जोशात हे विसरतात आणि मग सेफ्टीवाल्या खात्याचे लोक तुम्हाला दारात उभे करत नाहीत, आणि ते बरोबरच असतात.

आता आरआयए (रेग्युलेटरी इम्पॅक्ट असेसमेंट), म्हणजे नवीन नियम आणण्याआधी त्याचे परिणाम तपासणं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने 1995 मध्ये नियम करणाऱ्यांसाठी 10 प्रश्नांची एक यादी काढली होती, प्रॉब्लेम नीट सांगितलाय का, सरकारने पडायची गरज आहे का, नियम हाच चांगला मार्ग आहे का, फायदा खर्चाला पुरून उरतो का वगैरे. मला विचाराल तर साधनं कमी असलेल्या सरकारला ही यादीच पुष्कळ आहे. पण होतं काय की श्रीमंत देशाचं दोनशे पानी मॅन्युअल आणून टेबलावर ठेवतात, त्यात असे डेटा मागितलेले असतात जे त्या देशात कोणी गोळाच करत नाही, आणि खात्यातला एकटा अधिकारी, ज्याच्याकडे आणखी चार टेबलं आहेत, तो काय करणार, आधी निर्णय होतो, मसुदा तयार होतो आणि मग त्याला साजेसा आरआयए मागाहून लिहिला जातो. कागदी घोडे.

इथे माझी सगळ्यात मोठी चूक. एका खात्याला मसुद्यासोबत आरआयए द्यायचा होता, तारीख जवळ आली होती, तिथल्या अधिकारी बाईंना जमत नव्हतं आणि त्या वैतागल्या होत्या, तर मी म्हटलं ताई राहू द्या मी करते, आणि दोन रात्री बसून लिहून दिला. सगळे खूश. डोनरच्या, म्हणजे या कामाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या, रिपोर्टमध्ये "खात्याने आरआयए पूर्ण केला" अशी ओळ गेली, माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी दुसरा मसुदा आला तेव्हा ताईंचा सरळ मेसेज आला, "कधीपर्यंत पाठवशील?" त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, मीच त्यांना तसं शिकवलं होतं. नंतर मी पद्धत बदलली, त्यांच्याच चालू मसुद्यावर शेजारी बसायचं, पेन त्यांच्या हातात, मी फक्त प्रश्न विचारायचे, आणि दोन पानांच्या वर जाऊ द्यायचं नाही. वेळ तिप्पट लागला आणि पहिलं दोन पानी काम खरंच सुमार झालं, पण ते त्यांचं होतं आणि मीटिंगमध्ये त्यावर त्या स्वतः भांडल्या.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. हॉटेलमधली तीन दिवसांची ट्रेनिंग पालथ्या घड्यावर पाणी, कारण वर्षभरात निम्म्या लोकांची बदली होते. निदान एका खात्यातून एकाऐवजी तिघांना घ्या आणि त्यांच्यातला एक ज्युनिअर असू द्या, साहेब बदलतात पण ज्युनिअर बहुतेक राहतो.

शिकवलेलं टिकायचं तर युनिटच्या हातात काहीतरी अधिकार पाहिजे. मेक्सिकोचं उदाहरण मी सगळ्यांना देते. तिथे 2000 मध्ये कोफेमेर नावाची नियम तपासणारी संस्था कायद्याने तयार झाली, आणि नवीन नियमावर तिचं मत किंवा तिने दिलेली सूट असल्याशिवाय तो सरकारी राजपत्रात छापलाच जायचा नाही अशी तरतूद केली. छापलं नाही तर नियम लागू नाही. मग मंत्रालयं स्वतःहून फोन करायला लागली! 2018 च्या नव्या कायद्याने तिचं नाव कोनामेर झालं आणि राज्यांनाही त्यात ओढलं, पण 2025 मध्ये तो कायदाच रद्द झाला. आमच्या युनिटकडे "सल्ला देण्याचा" अधिकार होता, म्हणजे पत्र पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. कुठे नोकरी घेण्याआधी हा एक प्रश्न विचारा, तुमचं युनिट फाईल अडवू शकतं का? नाही म्हणाले तरी जा, शिकायला मिळेल, पण मग अपेक्षा तशाच ठेवा.

खाती विरोध का करतात याबद्दल पुस्तकात "मानसिकता" लिहिलेलं असतं. मला मानसिकतेपेक्षा फी जास्त वेळा सापडली. परवान्याची फी खातं स्वतःकडे ठेवतं, त्यातून गाडीचं डिझेल, प्रिंटरची शाई, कधी कधी कंत्राटी लोकांचे पगार निघतात. तुम्ही परवाना रद्द करा म्हणता म्हणजे त्यांच्या ऑफिसची वीज तोडा म्हणता. त्यामुळे परवान्याच्या यादीत फी किती आणि जाते कुठे हा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि तेवढे पैसे बजेटमधून भरून देता येतील का हे अर्थ मंत्रालयाला आधी विचारा, मग खात्याकडे जा. आम्ही उलट्या क्रमाने गेलो होतो आणि एक पूर्ण वर्ष घालवलं.

रँकिंगच्या मागे लागू नका हेही सांगते. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याचे क्रमांक लावणारा वर्ल्ड बँकेचा डुइंग बिझनेस रिपोर्ट असताना सगळं जग त्याच्या आकड्यांमागे होतं, आणि तो मुख्यतः देशातलं सगळ्यात मोठं शहर बघायचा, त्यामुळे सुधारणा त्याच एका शहराच्या एका खिडकीत व्हायची आणि बाकी देश होता तिथेच. आकड्यांमध्ये गडबडी सापडल्यावर 2021 मध्ये तो बंदच केला, आता 2024 पासून बी-रेडी नावाचा नवीन रिपोर्ट आलाय, पहिल्या फेरीत 50 अर्थव्यवस्था होत्या. वरच्यांना उठवायला रँकिंग कामाला येतं हे खरं, तेवढ्यापुरतं वापरा.

काय शिकून यावं? प्रशासकीय कायदा थोडा तरी पाहिजे, कायदा, नियम, अधिसूचना, परिपत्रक यातला फरक झोपेतही सांगता आला पाहिजे. एक्सेल. लोकांशी न घाबरवता बोलता येणं. स्थानिक भाषा, निदान फॉर्म वाचण्याइतकी, कारण खरा नियम बऱ्याचदा फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. अर्थशास्त्राची डिग्री असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही, आमच्या टीममधली सगळ्यात भारी मुलगी पत्रकारितेतून आली होती, तिला नाही म्हणणाऱ्या माणसाकडे तिसऱ्यांदा जायची लाज वाटत नव्हती.

परवा त्याच ताईंचा मेसेज आला होता, मी तिथून निघून बराच काळ झालाय. आता त्या रिफॉर्म युनिटमध्ये बसतात आणि दुसऱ्या खात्याचे मसुदे त्यांच्याकडे येतात. एकाने आरआयएमध्ये पर्यायांच्या रकान्यात "पर्याय नाही" एवढंच लिहून पाठवलं होतं, ताईंनी ते परत पाठवलं, त्याने तेच पुन्हा पाठवलं, ताईंनी पुन्हा परत. चौथी फेरी चालू आहे म्हणाल्या, आणि सोबत त्याच्या मसुद्याचा फोटो, लाल पेनाने रंगवलेला.