दुर्बीण परसात काढण्याआधी

शनिवारी रात्री आकाश बघायचं ठरलं की पहिली नजर वर नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकायची. चंद्र बघायचा असेल तर शुद्ध पंचमी ते दशमीमधली तिथी धरा. पाहुणे हमखास पौर्णिमेला येतो म्हणतात. त्यांना गोड बोलून आठवडाभर आधीचं आमंत्रण द्या. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या पडत नाहीत, चंद्र चुना फासलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक विवर कोरून काढल्यासारखं उठून येतं. तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) बघायच्या तर अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे. जून ते सप्टेंबर पुण्यात हा नाद विसरलेला बरा, आणि दिवाळीचे चार दिवसही फटाक्यांच्या धुरात वायाच जातात.

आमची दुर्बीण सहा इंची आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) साधी डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायच्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण आहे. पुढचं सगळं तिला धरून. तुमची अजून घ्यायची असेल, तर पैसे मोजण्याआधी टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत डोकावून या. १९४४ पासून पुण्यात हौशी मंडळींचं हे ठिकाण आहे.

दिवसाउजेडी करायचं काम एकच, पण तेच सगळे टाळतात: फाईंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवणं. मीही टाळलं होतं. पहिल्या हिवाळ्यात गुरू ठळठळीत समोर असताना पाऊण तास नळी हलवत बसलो, मुलगी दोनदा येऊन झोपायला निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की फाईंडर चांगला दोन अंशांनी भलतीकडे बघत होता. आता दुपारी चारला २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावून लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, शक्यतो तिच्या झाकणाची कड, बरोब्बर मधोमध आणतो. मग नळीला हात न लावता फाईंडरचे स्क्रू फिरवून तीच कड त्याच्या फुलीवर. नंतर १० मिलिमीटरचा आयपीस लावून पुन्हा तेच. टाकी निदान अर्धा किलोमीटर तरी लांब हवी. आणि हे करताना सूर्य पाठीशी, घराच्या आडोशाला. आयपीस असो की फाईंडर, चुकूनही सूर्याकडे गेला तर डोळा कायमचा जातो. घरात लहान मूल असेल तर उघडी दुर्बीण सोडून चहा प्यायला आत जायचं नाही.

जागा ठरवताना गच्चीचा मोह होतो. आकाश मोठं दिसतं हे खरं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ ऊब सोडत राहतो आणि त्या हवेत ग्रह थरथरतात. आमच्या सहकारनगरच्या परसात दोन नारळ आणि एक चिकू आहे, अर्धं आकाश त्यांनीच खाल्लंय. तरी मी दुर्बीण फरशीवर नाही, चिकूपलीकडच्या गवतावर ठेवतो. शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र कुठल्या बाजूला आहे तेही बघून घ्या, त्याच्या वरून दिसणारा ग्रह पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा हलतो. मग हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर. गंमत म्हणजे जानेवारीअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास अगस्त्य हा ठळक तारा दक्षिणेला जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो. दोन मुठींच्या आत झाड किंवा इमारत येत असेल, तर तो तुमच्या यादीतून गेला.

मग शेजार. आमच्या मागच्या काकूंचा दिवा थेट आमच्या गवतावर पडतो. संध्याकाळीच जाऊन विचारलं, "काकू, नऊ ते साडेदहा मागचा दिवा बंद ठेवाल का?"

"आणि चोर आला म्हणजे?"

"मी जागाच असतो की तिथे."

"तू डोळा लावून वर बघत असणार, तुला काय दिसणार आहे चोर!"

शेवटी पहिला नंबर त्यांचा, या अटीवर दिवा बंद झाला. आता संकष्टीला चंद्र उगवला का, हेही त्या मलाच विचारतात.

नऊला बघायचं तर दुर्बीण आठलाच बाहेर. घरातून आणलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर जास्त पट दाखवणारा आयपीस लावून चिडचिड करून घेऊ नका. डोळ्यांनाही अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका उजेडात ती फुकट जातात. टॉर्चवर गणपतीच्या सजावटीतला उरलेला लाल जिलेटिन कागद दुहेरी बांधा.

बारीकसारीक: प्लॅस्टिकचं स्टूल, वही-पेन्सिल, स्वेटर. डासांचं मलम लावा, पण ती बोटं आयपीसला लागू देऊ नका, डाग निघता निघत नाही. उदबत्ती किंवा कॉइल दुर्बिणीखाली तर नकोच.

काय बघायचं ते चारच गोष्टींत लिहून ठेवा. २५चा आयपीस ४८ पट दाखवतो, सुरुवात त्यानेच. १०चा १२० पट, पण पृथ्वी फिरत असल्याने तारा दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर जातो, सतत हळूच ढकलत राहावं लागतं. डिसेंबरच्या मध्यावर देवयानी दीर्घिका रात्री आठच्या आधीच सर्वांत वर येते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ती शहरातून फक्त धुरकट ठिपका दिसते, हे पाहुण्यांना आधीच सांगून टाका. फेब्रुवारीत मृगातला तेजोमेघ करडाच दिसणार, फोटोतला गुलाबी रंग विसरा. त्याच्या पोटातले चार चिमुकले तारे मात्र मोजून दाखवा.

आवरताना आरशावर दव दिसलं तर पुसायचं नाही. नळी आडवी घरात ठेवायची, टोपण उघडंच. सकाळी आरसा सुकला की आत सिलिका जेलची पुडी टाकून मग टोपण लावायचं.