चाली पाठ करून घेण्याआधी

माटुंग्यात एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. रिंग एकच, मुली चौदा-पंधरा, आणि संध्याकाळी सातला तीच जागा बॅडमिंटनवाल्यांना द्यायची असते. मुंबईत बहुतेक कोचना असंच भागवावं लागतं. म्हणून नव्या कोचना मी सांगते, फळ्यावर चाली काढण्याची घाई करू नका. पास देऊन मुलगी जागीच थांबत असेल, तर कुठलीच चाल तडीस जात नाही.

वॉर्मअपला मायकन ड्रिल घ्या. अमेरिकेचा उंचपुरा सेंटर जॉर्ज मायकन कॉलेजात असताना कोच रे मेयर यांनी त्याच्याकडून हे घोटून घेतलं होतं. रिंगखाली उजवीकडून उजव्या हाताने लेअप, म्हणजे जवळून उडी मारून टाकलेला शॉट, जाळीतून पडणारा बॉल हनुवटीच्या वरच झेलायचा, लगेच डावीकडून डाव्या हाताने. प्रत्येकीला 30 सेकंद पुरेत. थ्री मॅन वीव्ह, म्हणजे तिघींनी पास देत एकमेकींच्या मागून वेणीसारखं पळत जाणं, मी क्वचितच घेते. त्याला पूर्ण कोर्ट लागतो आणि सामन्यात तसं कुणी पळत नाही.

खरा वेळ द्या तो ड्रिबलविना, म्हणजे बॉल जमिनीवर न आपटता, तीन विरुद्ध तीनला. तीन पॉइंटच्या रेषेबाहेर खडूने पाच खुणा करा: एक मधे, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. ही रेषा रिंगपासून 6.75 मीटरवर असते; लहान मुलींचा तिथून पास पोचत नाही, त्यांच्या खुणा आत घ्या. दोघींमध्ये चार मीटर तरी अंतर हवं, नाहीतर एकच डिफेंडर दोघींना सांभाळते. पास दिला की रिंगकडे कट, म्हणजे झटकन आत धाव. बॉल मिळाला नाही तर रिकाम्या कोपऱ्यात बाहेर, आणि सुटलेल्या खुणेवर तिसरीने सरकायचं.

कट नीट बघा. मुली सरळ धावत सुटतात आणि डिफेंडर आरामात सोबत येते. आधी बॉलपासून दूर एक पूर्ण पाऊल टाकायला लावा. डिफेंडरचं वजन तिकडे गेलं की तिच्या पुढून आत, बॉलकडचा हात उघडा ठेवून. बॉल असलेली मुलगी तोवर पिव्होटवर, म्हणजे एक पाय जागीच रोवून, गुडघे वाकवून. जवळून अडवलेल्या खेळाडूला नियमाने पाच सेकंद मिळतात. मी तीनच मोजते, तेही मोठ्याने. पहिले काही दिवस पास सारखे तुटतील. तरी ड्रिबलची परवानगी देऊ नका.

हे अंगवळणी पडलं की पिक अँड रोल: एकीने डिफेंडरच्या वाटेत उभं राहून तिला अडवायचं (हा स्क्रीन) आणि मग वळून रिंगकडे जायचं (हा रोल). स्क्रीन लावणारीचे दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याएवढे फाकलेले, हात छातीशी. डिफेंडरच्या मागून, तिला दिसणार नाही असा स्क्रीन लावला तर एका पावलाची जागा सोडावी लागते. आमच्याकडच्या सामन्यांत फाउल बहुतेक इथेच जातात. बॉलवालीने थांबायचं, स्क्रीन पक्का होऊ द्यायचा, मग खांद्याला खांदा घासून निघायचं. मधे फट राहिली की डिफेंडर त्यातून निसटते. स्क्रीनवालीने बॉलकडे तोंड ठेवूनच वळायचं आणि डिफेंडरला पाठीवर घेऊन रिंगकडे जायचं.

आता मुलींना बघायला शिकवा. डिफेंडर स्क्रीनच्या मागून गेली तर तिथूनच शॉट. स्क्रीनवरून पाठलाग करत आली तर आत ड्राइव्ह. दोघी डिफेंडर बॉलवर धावल्या तर रोल करणारीला बाउन्स पास. डिफेंडरांनी आपसांत अदलाबदल केली आणि उंच मुलीसमोर बुटकी आली, तर बॉल तिकडे द्या. कोपऱ्यातल्या मुली जागा सोडून आत घुसल्या तर यातलं काहीच होत नाही, तेव्हा तुमची नजर त्यांच्यावरही हवी.

बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेवरून, बॉल आत टाकण्यासाठी मात्र एक ठरलेली चाल असू द्या. चौघी चौकोनात, बॉलकडची उंच मुलगी पलीकडच्या मुलीला स्क्रीन लावून लगेच बॉलकडे वळते. बहुतेकदा पास तिलाच मिळतो.

जून ते सप्टेंबर ओल्या सिमेंटवर कुणाला पळवू नका, गुडघे जातात. शाळेच्या पॅसेजमध्ये त्याच खुणा आखा आणि चालत चालत कट करून घ्या.

शेवटची पाच मिनिटं फ्री थ्रो, दम लागलेला असताना, प्रत्येकीला दोन. दुसरा हुकला आणि रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल, आपल्याच मुलीला मिळाला, तर तिथूनच तीन विरुद्ध तीन चालू. नियमाप्रमाणे तेव्हा शॉटसाठी 14 सेकंद मिळतात, ते बाहेर बसलेल्या मुलीने मोजायचे.