वर्गाचं भित्तिपत्रक कसं चालवावं (आणि त्यातून ‘उत्साहात संपन्न’ कसं हद्दपार करावं)

वर्गातल्या घडामोडी मुलांपर्यंत पोहोचवायच्या म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो व्हॉट्सॲप ग्रुपचा. दुसरा, संगणकावर रंगीत वार्तापत्र करा आणि त्याची पीडीएफ टाका. हे सल्ले देणाऱ्यांनी एकदा सहावी-सातवीच्या वर्गावर वर्षभर उभं राहावं. त्या ग्रुपवर मुलं नसतात, पालक असतात. व्हॉट्सॲप वापरायला वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात आणि सहावीतलं पोर असतं अकरा-बारा वर्षांचं. शिवाय घरातला एकच फोन सकाळी सातलाच बापाच्या खिशातून रानात नाहीतर कंपनीत गेलेला असतो. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्यावर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली तुमचं वार्तापत्र गाडलं गेलेलं असतं.

मुलांना वाचायला लावायचं असेल तर भित्तिपत्रक. कागदाचं, मुलांच्याच हस्ताक्षरातलं, जाता-येता दिसणारं. मी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चालवते, पण खाजगी शाळेत किंवा परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेतही यातलं फारसं काही बदलावं लागणार नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. ‘उद्या रंगपेटी आणा’, ‘शनिवारी शाळा सकाळची’ या सूचना आहेत, बातम्या नव्हेत. त्यांची जागा फळ्याच्या कोपऱ्यात आणि मुलांच्या वहीत. सूचना भित्तिपत्रकावर लावली की मुलं सगळा कागद सूचना समजून वाचायचं सोडतात.

सामान: एक कार्डशीट, ए-फोरचे कोरे कागद, काळं-निळं पेन, टाचण्या. बाजारात मिळणारी कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचांची असते. ती उभी धरून ए-फोरचे अर्धे तुकडे आडवे लावले तर दोन उभ्या रांगांत आठ बसतात आणि वर नावाच्या पट्टीला चार-साडेचार इंच उरतात. म्हणजे एका अंकात आठ मजकूर. त्यातले दोन चित्रांना द्या. अर्ध्या ए-फोरवर लांबून वाचता येईल अशा अक्षरात साठ-सत्तर शब्द मावतात, आणि बातमीला तेवढे पुरतात. चमकी, थर्माकोलची अक्षरं, झालर यांवर वेळ घालवू नका. ते केंद्रप्रमुखांच्या भेटीसाठी असतं.

जागा: ऑफिसच्या दारासमोर नको. तिथे मुलं थांबत नाहीत, चोरपावलांनी पुढे सटकतात. पोषण आहाराच्या वेळी हात धुवायला जिथे रांग लागते तिथली भिंत सगळ्यात उत्तम, कारण रांगेत उभ्या पोराला दुसरा उद्योग नसतो. पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत इतकं अंतर ठेवा आणि कागदाचा मध्य पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल असा लावा. शिक्षक स्वतःच्या उंचीला लावतात आणि मग ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणतात.

किती दिवसांनी काढायचं? पंधरा दिवसांनी, सकाळच्या शाळेच्या शनिवारी. रोजच्या बातम्या परिपाठात होतातच. साप्ताहिक काढू नका. तिसऱ्या आठवड्यात चाचणी येते, चौथ्यात क्रीडास्पर्धा, आणि पाचव्या आठवड्यापासून भिंतीवर जुनाच अंक पिवळा पडत राहतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेही सुरुवातीला पाक्षिकच होतं. त्यांना जमलं नाही ते आपल्याला पहिल्याच महिन्यात जमायला हवं असा आग्रह कशाला?

संपादक मंडळ पाच मुलांचं, दर दोन अंकांनी बदलणारं. हस्ताक्षर छान असलेलीच मुलं घ्यायची पद्धत सोडा. उत्तम बातमीदार हा बहुधा मधल्या सुट्टीत शाळाभर हिंडणारा, सतत ‘बाई, तुम्हाला माहितीये का’ म्हणत टेबलाशी येणारा असतो. लिहून दुसरा कुणीही देईल. प्रत्येकाला एकेक ठिकाण नेमून द्या: मैदान, खिचडी, वर्ग, गाव, आणि शाळेत नवीन आलेली माणसं-वस्तू.

इथवर सोपं होतं.

आता बातमी. बहुतेक भित्तिपत्रकं इथे आडवी होतात. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि कुठल्या प्रशिक्षणात त्यावर कुणी चकार शब्द काढलेला मी ऐकला नाही. मुलाला ‘बातमी लिहून आण’ म्हटलं की ते हे आणतं: ‘आमच्या शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान मा. सरपंच यांनी भूषविले. मान्यवरांच्या हस्ते रोपे लावण्यात आली. कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी सर्वांनी परिश्रम घेतले. शेवटी आभार मानण्यात आले.’

पोराचा यात काही दोष नाही. पेपरातल्या तालुक्याच्या पानावर त्यानं हेच वाचलंय आणि गॅदरिंगच्या अहवालात हेच ऐकलंय. पण ही बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेची, कुठल्याही वर्षाची होऊ शकते. आणि वर्गातली सगळी पोरं त्या कार्यक्रमाला उन्हात उभी होती, त्यांना यातून नवीन काय कळणार?

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला, नमुना बातमी द्या. नमुना दिलात की तीस मुलांकडून तीस नमुने परत येतात, फक्त तारीख बदललेली. दुसरा, बाईंनी बसून मजकूर सुधारून द्यावा. हा त्याहून वाईट. सुधारलेला मजकूर बाईंचा असतो हे भिंतीसमोरच्या प्रत्येक मुलाला पहिल्या ओळीत कळतं, आणि ज्याच्या नावानं तो लागलाय त्याला तर आधीच कळलेलं असतं. पुढच्या वेळी तो दोनच ओळी आणतो. बाकीचं बाई करतीलच.

लाल पेन खाली ठेवा आणि प्रश्न विचारा. वृक्षारोपणाच्या बातमीचं आमच्याकडे असं झालं होतं:

“किती रोपं लावली होती?”

“वीस, बाई.”

“कसली?”

“कडुलिंब, करंज… आणि एक ती मोठ्या पानांची.”

“आता किती आहेत?”

गप्प.

“बघून ये जा.”

मधल्या सुट्टीत गडी दोन मित्रांना घेऊन शाळेभोवती फिरला आणि वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढून आला. भिंतीवर लागलं ते हे: ‘जुलैत लावलेल्या वीस रोपांपैकी अकरा जिवंत आहेत. स्वयंपाकघरामागची सगळी चांगली आहेत कारण तिथे मावशी तांदूळ धुतलेलं पाणी ओततात. कुंपणाकडची शेळ्यांनी खाल्ली. मावशी म्हणाल्या, “जाळी लावा म्हणून म्या आधीच सांगितलं व्हतं.”’ त्या दिवशी हात धुवायची रांग पुढे सरकेना. सोमवारी सातवीची पोरं बाभळीच्या फांद्या ओढत कुंपणाकडे निघाली होती.

प्रश्न विचारण्याचं हे काम दर वेळी बाईंनीच करायचं नाही, नाहीतर तुम्ही दमून जाल. ज्यानं बातमी आणली त्यानं ती लिहिण्याआधी तोंडी सांगायची, आणि तीही त्या वेळी तिथे नसलेल्या मुलाला. त्या दिवशी गैरहजर असलेलं पोर यासाठी सोन्याहून मोलाचं. त्याला काहीच माहीत नसतं म्हणून ते खरे प्रश्न विचारतं: ‘मग पडला कसा?’, ‘मग सर काय म्हणाले?’ हे प्रश्न दुसऱ्या कुणीतरी कागदावर टिपायचे. बातमी म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं, बाकी काही नाही. या पद्धतीला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायला जाल तर तासभर दुरुस्तीत जाईल.

मजकूर घेताना मी तीनच गोष्टी तपासते. स्वतः मोजलेला एक आकडा, एका माणसाचं नाव किंवा नातं, आणि कुणीतरी खरंच बोललेलं एक वाक्य. तिन्हीपैकी एक नसेल तर कागद परत. त्यावर पेन्सिलनं फक्त प्रश्न लिहायचा, उत्तर नाही.

काही शब्दांना वर्गात सरळ बंदी घाला. उत्साहात, संपन्न, मान्यवर, भूषविले, परिश्रम, ‘खूप मजा आली’. यादी दाराजवळ लावा आणि मुलांनाच तीत भर घालू द्या. बंदी घालायला त्यांना फार आवडतं. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ यांच्यावर तर माझा खास राग आहे. ‘मैदानाची स्वच्छता करण्यात आली’ असं लिहिलं की झाडू मारणारी माणसं वाक्यातून गायब होतात. कुणी केली? सहावीच्या मुलींनी. मुलगे काय करत होते? झाली की बातमी.

तारखेनं सुरुवात करू देऊ नका. तारीख कोपऱ्यात. पहिलं वाक्य तेच, जे पोर धापा टाकत आत येऊन सांगेल.

भाषेचं काय, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. शुद्धलेखन तपासायचं, पण अगदी शेवटी, आणि मुलांनीच एकमेकांचं. माणसाच्या तोंडचं वाक्य तो बोलला तसंच अवतरणात ठेवायचं. ‘व्हतं’चं ‘होतं’ केलंत तर मावशी मावशी राहत नाहीत. बाकीचा मजकूर मुलानं आपल्या नेहमीच्या भाषेत लिहिला तरी चालेल. परीक्षेच्या पेपरात प्रमाण भाषा लिहायला आपण शिकवतोच की.

दिनविशेष आणि सुविचार अंकात नकोत. ते परिपाठात होतात, आणि भिंतीवर ते फक्त जागा भरायला येतात. दिवसाला वर्गातलं काही जोडलेलं असेल तर मात्र घ्या. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनावर कलामांचं चरित्र उतरवून आणलं तर परत करा. वर्गातल्या पेटीतलं कुठलं पुस्तक सगळ्यात जास्त फाटलंय हे मोजून आणलं तर पहिल्या जागी लावा.

काय लावायचं नाही हे तुम्हीच ठरवायचं, इथे मतदान नको. गुण, कुणाच्या घरचं भांडण, कुणाला शिष्यवृत्ती किंवा मोफत गणवेश मिळाला, कुणाचं आजारपण, कोण कुणाशी बोलतं: यातलं काहीही भिंतीवर जात नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते आधी वाचून दाखवायचं. तो ‘नको’ म्हणाला की नको, कारण विचारायचं नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी भिंतीवरचं हसू वर्षभर पुरतं. बातमी कितीही चांगली असली तरी तिच्यापायी एक पोर शाळेला यायचं टाळणार असेल, तर ती फाडा.

फोटोंपेक्षा चित्रं बरी. पालकांच्या ग्रुपवर अंक टाकायचाच असेल तर भिंतीवरच्या कागदाचा फोटो टाका, मुलांच्या चेहऱ्यांचा नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम आहे. कायदा नसता तरी मी चेहरे टाकले नसते. एकदा टाकलेला फोटो कुठल्या काकांच्या स्टेटसवर जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

लावताना तुकडे फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना टाचा. पूर्ण चिकटवलेत तर काढताना फाटतात आणि कार्डशीटही वाया जाते.

सोमवारच्या परिपाठात एकच बातमी वाचायची, तीही ज्यानं आणली त्यानं. सगळा अंक वाचून दाखवलात तर भिंतीकडे कोण जाईल?

खालच्या कोपऱ्यात ‘चुकलं’ अशी एक छोटी चौकट कायम मोकळी ठेवा. मजकुरात चूक सापडली तर कुणीही, अगदी चौथीतल्या पोरानंही, तिथे लिहायचं. कबड्डीच्या सामन्याचा गुणफलक चुकला की सातवीचा अख्खा संघ पेन घेऊन हजर होतो. पुढच्या अंकात ती दुरुस्ती बातमीदाराच्या नावानिशी छापल्यासारखी लावायची. या चौकटीमुळे मुलं आकडे दोनदा मोजायला लागतात. माझ्या सांगण्यानं कधी लागली नव्हती.

जुने तुकडे काढले की पंच करून सुतळीनं बांधा आणि वर्गाच्या पेटीत ठेवा. वर्षअखेर तेच तुमचं हस्तलिखित. वेगळं काढायची गरज नाही. मार्चमध्ये अंक बंद ठेवा, परीक्षेच्या धांदलीत मुलं पुन्हा ‘संपन्न’वर घसरतात. आणि पहिला अंक जूनमध्ये काढायला जाऊ नका. पुस्तकवाटप, गणवेश आणि पटाच्या याद्या यांतून तुम्हालाच उसंत नसते आणि मुलांनाही एकमेकांची नावं नीट माहीत नसतात. जुलैतला दुसरा शनिवार धरा.