इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का जाते? या चुका टाळा

गोव्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीचा कस लागतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. माडाचं झावळ तारांवर पडतं, लाईट जाते, आणि दोन-तीन वर्षांची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. मग कंपनीला नावं ठेवली जातात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष चुकीच्या पाण्याचा असतो, नाहीतर बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याचा.

आधी पाणी. चार्जिंग होताना बॅटरीतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, ॲसिड आतच राहतं. म्हणून वरून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. 'बॅकअप वाढेल' म्हणून ॲसिड ओतलंत तर प्लेटी लवकर खराब होतात. विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी नको. आपली जमीन जांभ्याची, पाण्यात लोह असू शकतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारटपणाही उतरतो. लोहामुळे बॅटरी न वापरताच उतरते आणि मिठातलं क्लोराइड प्लेटी खातं. पाणी उकळून हे क्षार जात नाहीत. आरओचं पाणी प्यायला चांगलं, पण त्यातही थोडे क्षार उरतातच.

भरण्याची वेळही चुकते. चार्ज होताना आतलं द्रव फुगतं, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड झाकणांतून बाहेर येतं आणि ट्रॉली गंजते. आधी पूर्ण चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी आधी घाला, मग चार्जिंग.

दुसरी मोठी चूक बंद घरांची. मंडळी मुंबईला किंवा परदेशात, घर उघडतं ते चवथीला. जाताना मेन स्विच बंद होतो, इन्व्हर्टर मात्र तसाच चालू राहतो. घरात एकही दिवा नसला तरी तो स्वतःसाठी थोडी वीज घेतच राहतो आणि बॅटरी पार उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटींवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात. महिनोन् महिने गेले की ते चार्जिंगनेही सुटत नाहीत. जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करून घ्या. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ट्रॉलरवर पडून असलेल्या बॅटऱ्यांनाही हेच लागू.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर नुसती कापडाने पुसू नका. झाकणं घट्ट लावा, निगेटिव्ह आधी सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं, म्हणून झाकणांची काळजी. मग कोरडं करून नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. हातात अंगठी, बांगडी नको. पान्यासोबत तीही दोन्ही टर्मिनलना टेकली तर भाजतं.

जुन्या घरांत बॅटरी कधी देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवलेली असते आणि वर समई पेटलेली. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. बॅटरी हवेशीर जागी, विस्तवापासून दूर हवी.

आता तक्रार ओळखायची कशी? सगळ्या सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांतलं पाणी भराभर कमी होत असेल तर चार्जिंग जास्त होतंय. इन्व्हर्टरमागचा बॅटरी-प्रकाराचा स्विच चुकीच्या जागी नाही ना, ते पाहा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मेकॅनिकला बोलवा. बॅकअप घटला असेल तर पूर्ण चार्जनंतर तीन-चार तास थांबून व्होल्टेज मोजा: १२.६च्या आसपास हवा. मग हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, सहाही सेल तपासा. पाच १.२४० दाखवतात आणि एक १.१५०वरच अडकला असेल, तर तो सेल बहुधा गेला. पाणी घालून तो परतत नाही. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा सेट असेल तर दोन्ही एकदम बदला, कारण जुनीमुळे नवीही लवकर उतरते. जुनीतलं ॲसिड भाटात (माडांच्या बागेत) ओतू नका, बॅटरी भरलेलीच दुकानदाराला परत द्या.