पान पिवळं पडलं? खताच्या बाटलीला लगेच हात लावू नका

गच्चीवर मातीशिवाय, नुसत्या खत घातलेल्या पाण्यात भाजी करणारा नवखा माणूस पान पिवळं पडलं की टाकीत आणखी झाकणभर खत ओततो. मीही ओतलं होतं. दोन दिवसांत पालक कडेने करपला. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. टाकी भरलेली आणि रोप मात्र माना टाकलेलं.

म्हणून आधी पाण्याचा सामू, म्हणजे ते किती आम्ल आहे ते सांगणारा पीएच बघा. तो 5.5 ते 6.5 हवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी याच्या बरंच वर असतं. तिथे पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही: शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू उतरवा, पण खत मिसळल्यानंतरच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण जड पाण्यात तो परत चढतो. पावसाचं किंवा आरओचं पाणी निम्मं मिसळलं की ही कटकट पुष्कळ कमी होते.

घरात शेती असेल तर 19:19:19 या विद्राव्य खताची पिशवी हाताशी असतेच. ठिबकला उत्तम, इथे नको. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. तो मोडून पिकाला द्यायला मातीतले जिवाणू लागतात, आणि आपण तर मातीच काढून टाकलीय! शिवाय त्यात कॅल्शियम नाही. लेट्यूसची आतली पानं कडेने जळण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. कॅल्शियम नायट्रेट वेगळं आणा, पण बाकीच्या खतांबरोबर एकाच बाटलीत घट्ट द्रावण करू नका. सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडली की तळाला पांढरा गाळ बसतो आणि पैसे त्या गाळात जातात. बाजारात 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या मिळतात त्या याचसाठी. एक पाण्यात नीट ढवळून घ्या, मग दुसरी.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. दुपारी काळ्या ड्रममध्ये हात घालून बघा, आंघोळीचं पाणी वाटेल. अशा वेळी पिथियम ही मुळं कुजवणारी पाणबुरशी धरते. मूळ चिमटीत धरून ओढा: तपकिरी साल निसटून हातात आली आणि मागे दोऱ्यासारखी शीर उरली, तर रोप उपटून फेका, टाकी ब्लीचने धुऊन खळखळून घ्या. ड्रम सावलीत हलवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, माशांच्या टाकीला लावतात तो हवापंप जोडा.

पंप नसलेल्या डब्यात उलटीच चूक होते. पाणी खाली गेलेलं दिसलं की आपण काठोकाठ भरतो. पण वर उघडी राहिलेली मुळं एव्हाना हवेतून श्वास घ्यायला लागलेली असतात. ती बुडतात आणि रोप गुदमरतं. भरायचंच असेल तर निम्म्यापर्यंत.